दहा चौदाचा निरोप

आठवणीची खात्री माझ्यासारख्यानं देऊ नये. रोजच्या सरावानंतर माझी पाटी कोरी केली जाई, तेव्हा सांगताना चुकलो तर सांभाळून घ्या. मी फुकुओकाच्या प्रशिक्षण केंद्रातला सिम्युलेटर. भर समुद्रावरच्या विमानांपर्यंत रेडिओवरचा आवाज धड पोचत नाही, म्हणून नियंत्रक त्यांना लेखी निरोप धाडतात. शिकाऊंसाठी मी त्या विमानांचं सोंग काढायचो. वैमानिकांची उत्तरंही मीच द्यायचो.

मला घडवलं सेरिझावा नावाच्या अभियंत्यानं. भात-लोणच्याचा डबा माझ्याच टपावर ठेवून तो जेवायचा. "बाबा रे, खऱ्यासारखा वाग. उशीरही खऱ्यासारखाच कर," म्हणायचा. मी तसाच वागलो. निदान मला तसं वाटायचं.

कुझुओका मिओ दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा हुकली तर समुद्रावरची विमानं सांभाळायचं टेबल कायमचं गेलं. त्या सकाळी तिच्या पडद्यावर दोन विमानं एकाच उंचीवर जवळ येऊ लागली. तिनं एकाला वर चढायचा निरोप लिहिला, बटण दाबलं (दाबलं ना?) आणि पडद्याकडे बोट रोखून मोठ्यानं म्हणाली, "चढण्याचा निरोप, पाठवला!" इथं सगळेच असं बोट दाखवून बोलतात. हाताची चूक तोंडानं पकडावी, ही शिस्त.

विमान हललं नाही. लाल दिवा पेटला.

"पाठवला कुठे, कुझुओकाबाई?" परीक्षक इनुकाई म्हणाले. "नुसतं ओरडून विमान चढत नाही हो."

"मी बटण दाबलं होतं, सर."

"मग काय यंत्र खोटं बोलतंय? तुमच्याआधीपासून आहे ते इथं."

मागे दोघं खुदकन हसले. मिओ उठली, कमरेतून वाकली. "माझीच चूक. तुम्हाला त्रास झाला."

मिओच्या आणि इनुकाईंच्या पडद्यावर विमानानं स्वीकारलेले निरोपच दिसत. जरा आधी त्याच विमानाच्या वतीनं मी एका प्रश्नाला 'थांबा' असं उत्तर दिलं होतं. वैमानिक कामात असला की तसं कळवतो. त्या 'थांबा'पायी पुढचा निरोप मीच अडवून धरला का? की तिचं बोट खरंच घसरलं? संध्याकाळी पाटी पुसली गेली. ती कुठल्याशा विमानतळाच्या चौकशी खिडकीवर गेल्याचं कानावर आलं.

नंतर कितीतरी जण माझ्यापुढे बसले, पासही झाले. प्रत्येकाच्या "पाठवला!" सरशी मी आलेले निरोप पुन्हा मोजायचो. मग नवं यंत्र आलं आणि माझ्यावर चादर पडली. त्या नव्याला माणसांची परीक्षा घेऊ देण्याआधी कुणीतरी त्याचीच नीट उलटतपासणी करा, एवढंच मागणं आहे.

नऊ वर्षांनी, मला भंगारात काढण्याआधी, सेरिझावा माझी डिस्क तपासायला आला. पुसलेल्याखालीही काही उरतं म्हणे. तो बराच वेळ वाचत राहिला. "अरे देवा, 'थांबा'नंतर निरोप अडवणारी ही ओळ तर मीच लिहिली होती," एवढंच बोलला.

मिओचा निरोप दहा वाजून चौदा मिनिटांनी माझ्याकडे आला होता. लाल दिवा दहा एकोणीसला पेटला. मधली पाच मिनिटं तो निरोप माझ्याजवळच होता.