सारवलेली बांधी

यंत्रानं पुढचा उजवा पाय उचलला, टेकवला, मग मागचा डावा. शेळीएवढं चार पायांचं धूड, पण धानाच्या बांधीतून, त्या भातखाचरातून, असं निघालं जणू त्याची रोजचीच वाट. दिल्लीहून आलेले दोन्ही परीक्षक धुऱ्याच्या उंच बांधावर उभे राहून खूश होऊन बघत होते. ते बनवणाऱ्या अल्काची धास्ती मात्र यंत्राच्या प्रत्येक पावलागणिक वाढत गेली.

नागपूरच्या प्रयोगशाळेत हेच यंत्र वाळूतसुद्धा धडपडायचं. तिथं ती विद्यार्थ्यांना ऐकवायची, की चालणं म्हणजे पडता पडता सावरणं. पडलं की माणूस विचार करतो, चाललं की विचार करणं सोडून देतो. म्हणून चाललं, तर आधी विचारा, कशामुळे चाललं. पोरं मान डोलवायची आणि विसरायची. आज तिनं स्वतःलाच विचारलं आणि खाली पाहिलं.

कापणीनंतरची तिच्या गावची, धानपट्ट्यातल्या गोरेगावकडची बांधी म्हणजे ढेकळं, भेगा आणि बोचरी धसकटं. तेवढ्यासाठीच तर तिनं घरची बांधी निवडली होती. रस्ता नाही अशा पाड्यांवर औषधं पोचवणारं यंत्र, असं तिनं सरकारला लिहून दिलं होतं. आणि इथं जमीन खळ्यासारखी चोपून शेणानं सारवलेली! स्टेशनवरून पाहुण्यांना घेऊन थेट येण्याच्या गडबडीत तिच्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

बाजूला तिची आई, रुक्माबाई, नवं लुगडं नेसून उभी होती. हे कोणी सारवलं, अल्कानं हळूच विचारलं.

"कालपासून चार बायका लागलो," रुक्माबाई म्हणाली. "एवढे मोठे पाहुणे येऊन राहिले. त्याईले का ढेकळात उभे करू?"

फोनवर अल्कानं पाहुणे येणार एवढंच सांगितलं होतं.

थोरले परीक्षक धुऱ्यावरून खाली उतरले. त्यांनी आयुष्यात धानाची बांधी पाहिलेली नव्हती. "बस मॅडम, हो गया. हमारी तरफ से हाँ है."

या एका होकारावर सरकारचा निधी मिळून प्रयोगशाळा तगणार होती. नाहीतर मार्चमध्ये कुलूप, तिची नोकरी गेली आणि मदतनीस हिमांशुचीही. हिमांशुलाही जमीन दिसली होती. तो वाकून यंत्राची तार गुंडाळू लागला.

"मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची," तो पुटपुटला.

अल्काला मनापासून वाटलं, गप्प बसावं. खोटं तर ती बोललीच नव्हती. शिवाय खरं सांगायचं, तर आईच्या सारवणाची चूक चारचौघांत दाखवायची. पण पाड्याची वाट सारवायला आधी कोण जाणार होतं?

तिनं परीक्षकांना हिंदीत सांगितलं, की ही जमीन आईनं तुमच्यासाठी सपाट केली आहे. खरी बांधी धुऱ्यापलीकडे आहे, आणि तिथं यंत्र चालेल की नाही, मला माहीत नाही.

रुक्माबाईला हिंदी चांगलीच कळत होती. तिचा चेहरा उतरला.

हिमांशुनं एक बाजू धरली, अल्कानं दुसरी. यंत्र पलीकडच्या बांधीत ठेवलं. ते थोडं चाललं, मागचा डावा पाय भेगेत गेला, आणि ते कुशीवर पडलं. चारही पाय हवेत चालतच राहिले.

थोरले परीक्षक नकारार्थी मान हलवत जीपकडे निघाले. दुसऱ्यांनी क्षणभर अल्काकडे पाहिलं आणि तेही गेले. हात दाखवून अवलक्षण, असं हिमांशुच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

मागून पावलं वाजली. रुक्माबाई फावडं घेऊन धुरा ओलांडून आली होती. डोळे पुसलेले, पदर खोचलेला. यंत्राशेजारची भेग ती बुजवू लागली.

"थांबव त्याईले. आत्ता सपाट करून देतो."

अल्कानं फावड्याचा दांडा धरला.

"राहू दे, माय. इथंच पडू दे त्याले."

मग ती भेगेशी उकिडवी बसली. पाय नेमका कुठं अडकला ते बोटानं चाचपत तिनं हिमांशुला सांगितलं, "पुन्हा उभं कर."