चारशे टिकटिक

हिरामणचा काटेकोरपणा असा, की बेलापूरच्या त्या कारखान्यात त्याच्या टेबलावर माशी बसायची तर आधी पाय पुसून बसायची. निदान तो तसं सांगायचा.

डोळ्यांना न दिसणारा किरणोत्सर्ग मोजायच्या काचेच्या नळ्या तिथं बनत. नळीचं टोक आगीवर वितळवून बंद करायची त्याची बायको गोजरा. तिचा हात इतका हलका, की आपण वितळलो हे काचेला नंतर कळायचं. नळ्या तपासायचा हिरामण. शिशाच्या डबीत किरणोत्सर्गी कोबाल्टची गोळी होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. तिच्यासमोर नळी ठेवली की यंत्र टिकटिकायचं. अठ्ठ्याहत्तर साली त्यानं डबीच्या झाकणावर चिठ्ठी डकवली होती : मिनिटाला चारशे.

पुढं दरवर्षी आकडा उतरायला लागला. फेरतपासणीला आलेल्या जुन्या नळ्यांचा उतरला, कालच्या नव्यांचाही. मालकानं आतला वायू बदलला, मग काच बदलली. त्र्याऐंशीत टिकटिक दोनशेवर आली, तेव्हा बदलायचा उरला गोजराचा हात. घरचं माणूस पाठीशी घातलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून हिरामणनं ठळक अक्षरात अहवाल लिहिला : सांधा गळतो, हात थकला.

गोजरानं सगळ्यांसमोर एकच विचारलं, "माजा हात थकला, तं ती गोली नाय थकली?"

सगळे हसले. पहिला हिरामण. तिनं आगीसमोर घालायचा निळा चष्मा पदरानं पुसून टेबलावर ठेवला आणि ती घरी बसली.

दोन वर्षांनी नवी गोळी आली, जुनी नवी असताना होती तितक्याच ताकदीची. सोबत कागद : सव्वापाच वर्षांत ही निम्मी होते, तेवढा आकडा कमी धरावा. हिरामणनं जुन्या झाकणावरची चिठ्ठी नखानं खरवडली. खाली हेच छापलेलं होतं. मग त्यानं गोजराची शेवटची, नापास नळी नव्या गोळीसमोर ठेवली.

चारशे दोन.

नळी रुमालात गुंडाळून तो घरी गेला. गोजरा सुका जवळा निवडत होती. दारातच उभं राहून त्यानं सगळं सांगितलं, चिठ्ठीसुद्धा. हात धुऊन तिनं नळी मागितली.

तिची बोटं थरथरत होती. बांगडी काचेवर वाजायला लागली. सवयीनं हिरामण मोजायला लागला आणि मधेच थांबला.

तिनं नळी जपून त्याच्या हातात परत दिली.

"आता लिवा," ती म्हणाली. "आता थकलाय."