साखळ्यांची अंघोळ

शुक्रवारी सकाळी दुधाचा टँकर गिरणीच्या चढावर निम्म्यापर्यंत आला, तिथे जरा घुटमळला आणि आल्या वाटेने मागे घसरत खाली गेला. तायमी गोठ्याच्या दारातून बघत होती. गाडी आडवी झाली नाही की कडेच्या चरात गेली नाही, हे इल्मोच्या हाताचं कसब. थोड्या वेळाने तो पायी वर आला, तोही कडेच्या भुसभुशीत बर्फातून, कारण रस्त्यावर पाय ठरत नव्हता. बुधवारी अवेळी पाऊस पडून गेला होता आणि त्यावर कडक गारठा आल्यामुळे सगळा उतार काचेसारखा झाला होता.

इल्मो टोपी काढून बसला, कॉफी प्याला, वेलदोडा घातलेला गोड पाव खाल्ला. दुसरा पाव संपेपर्यंत तो गाईंबद्दलच बोलत राहिला. मग मुद्द्यावर आला. या फाट्यावर आता एकच गोठा उरलाय आणि एका गोठ्यासाठी गाडी अशा रस्त्यावर का घालायची, असं डेअरीच्या ऑफिसात विचारू लागलेत, म्हणाला.

"रविवारी मी परत येतो, मालकीणबाई. चढलो तर काही प्रश्न नाही. नाही चढलो, तर ते मला विचारतील, आणि मला खरं ते सांगावं लागेल."

दुधाची टाकी रविवारपर्यंत जेमतेम पुरणार होती. त्यापुढचं दूध ओतून द्यायचं. आणि टँकर यायचाच बंद झाला, तर वसंतापर्यंत गाई विकून गोठा रिकामा. तायमीने इल्मोचा कप विसळला आणि नवरा ओइवा खिडकीबाहेर बघत बसला.

तो रस्ता साफ ठेवायचं काम ओइवाच्या बापापासून त्याच घराकडे होतं. पण शरद ऋतूत ओइवाच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ट्रॅक्टर तायमीकडे आला. उन्हाळ्यात गवताच्या वेळी तिने तो जन्मभर चालवला होता. हिवाळा मात्र ओइवाचा असायचा. नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला तेव्हा ती अंगण साफ करायला निघाली, तर हा आतून कुबडीने काचेवर ठोकू लागला. डावीकडे घे, पातं उचल, गिअर खाली टाक. ती ट्रॅक्टर बंद करून आत आली, हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

"ट्रॅक्टर एका वेळी एकच माणूस चालवतो. कोण चालवतंय, तू की मी?"

ओइवाने बराच विचार केला. "तू," म्हणाला.

"मग त्याबद्दल खिडकीतून एक शब्द नको."

त्याने कबूल केलं. त्या मुलखात दिलेला शब्द रोज उठून तपासून बघत नाहीत. त्या दिवसापासून ओइवा हवेवर बोलायचा, गाईंवर बोलायचा, शेजाऱ्यांच्या बोटीच्या रंगावरही बोलायचा. ट्रॅक्टरचं नाव निघालं की तोंडाला कुलूप.

शुक्रवारी दुपारी तायमीने पुढच्या लोडरमध्ये वाळू भरली आणि चढावर टाकायला निघाली. वाळूचं सगळं ओझं पुढच्या चाकांवर आलं आणि मागची चाकं हलकी पडली. उताराच्या तोंडाशीच चाकं जागच्या जागी गरगरली, ट्रॅक्टर कलला, आडवा झाला आणि सावकाश, जणू त्याला काही घाई नाही अशा बेताने, कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन टेकला. तायमीने फावड्याने तो मोकळा करेपर्यंत अंधारून आलं. घराच्या खिडकीतून ती जागा चांगली दिसते. जेवताना ओइवाने बटाट्यांची तारीफ केली.

"बटाटे कालचेच आहेत," तायमी म्हणाली.

"तेच म्हणतो. मुरलेत."

तिने अंथरुणात पडून हिशेब लावला. ओझं हवं मागे, जी चाकं ओढतात त्यांच्यावर. आणि नुसत्या रबराने काच धरता येत नाही, त्याला लोखंडाचे दात हवेत, म्हणजे साखळ्या चढवायला हव्यात. साखळ्या घरात होत्या. ओइवा दर वसंतात त्या वाळवून, तेल लावून खुंटीला टांगायचा. गेल्या वसंतात मात्र खुबा दुखत होता म्हणून त्याने त्या ओल्याच शेडच्या कोपऱ्यात टाकल्या होत्या, आणि तायमीनेही बघून न बघितल्यासारखं केलं होतं. आता दोन्ही साखळ्यांचा मिळून एकच गोठलेला गोळा झाला होता. हातोडीने ठोकला तरी कडीपासून कडी सुटेना.

शनिवार सौनाचा, म्हणजे अंगणातल्या खोपटात वाफेची अंघोळ करायचा. त्या घरात शनिवारी संध्याकाळी सौनाचा धूर निघाला नाही असं घडलेलं नव्हतं. तायमीने सकाळीच सौनाची भट्टी पेटवली. ओइवाला वाटलं, आज बाईसाहेबांना घाई दिसते. मग त्याने तिला साखळ्यांचा गोळा घसरगाडीवर ओढत सौनाकडे नेताना पाहिलं आणि तो कुबड्या घेऊन ओट्यापर्यंत आला. हे ट्रॅक्टरबद्दल नाही, सौनाबद्दल आहे, असं त्याने आधी स्पष्ट केलं. त्या घासून पांढऱ्या झालेल्या फळ्यांवर गंजकं लोखंड ठेवायचं म्हणजे काय?

"माझा जन्म झालाय त्या बाकावर, तायमी. माझ्या आईला शेवटचं न्हाऊ घातलं तेही तिथेच."

"म्हणजे तू तिथेच रडत-ओरडत मोकळा झालास ना? मग यांनाही होऊ दे."

ओइवा आत गेला. मात्र जाताना ओल्या गोणपाटाची घडी दाराबाहेर टाकून गेला, फळ्यांवर अंथरायला.

दुपारपर्यंत साखळ्यांनी मनसोक्त अंघोळ केली. बर्फ वितळला, गंजाचं तांबडं पाणी वाहिलं, जुन्या शेणाचा वास सुटला. तायमीने एकेक साखळी ओढत अंगणात आणली, मागच्या चाकांपाशी सरळ पसरली. वाफा निघत होत्या. पुन्हा गोठायच्या आत काम उरकायला हवं होतं. ट्रॅक्टर हळूच साखळीवर घेतला, दोन्ही टोकं चाकावरून ओढून आकडे अडकवले, जोर लावून ताण दिला. बोटं सोलली. मग ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टला लाकडी पेटारा जोडून त्यात काठोकाठ वाळू भरली. आत येऊन घाईत कप भरून कॉफी प्याली आणि पुन्हा ट्रॅक्टरवर बसली.

चाकं धरत होती. अंगणातल्या काचेवर ती एक वळसा घालून आली आणि ट्रॅक्टर इकडचा तिकडे झाला नाही. डावीकडून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत होता, खट, खट, खट. साखळ्या म्हटलं की आवाज करणारच, असं तिला वाटलं. साखळ्यांसह ट्रॅक्टर तिने कधी चालवलाच नव्हता. तिने चढाकडे तोंड केलं. घर वर होतं, म्हणजे आधी उतरायचं होतं.

तेवढ्यात आरशात ओइवा दिसला. तो पायरीवरही थांबला नव्हता, थेट अंगणात आला होता. डोक्याला टोपी नाही, एका काखेत कुबडी आणि दुसऱ्या हातात कॉफीची किटली. ऑपरेशन झाल्यापासून त्याने बर्फावर पाऊल ठेवलं नव्हतं.

"कॉफी," तो ओरडला.

तायमीच्या तोंडात आधीच्या कॉफीची चव अजून होती. ती चिडली. पण ज्या काचेवर तिला स्वतःला उभं राहता येत नव्हतं, तिथे एकच पाय धड असलेल्या माणसाला सोडून जाता येईना. तिने इंजिन बंद केलं आणि ट्रॅक्टरला धरून खाली उतरली. ओइवाने खिशातून कप काढला आणि भरून दिला.

"आकाश निवळलंय," तो म्हणाला.

"दिसतंय."

त्याने आकाश पाहिलं. गोठ्याचं छप्पर पाहिलं, भूर्जाच्या झाडावरचा पक्षी पाहिला. त्याची नजर सगळीकडे फिरत होती, फक्त डाव्या चाकाकडे जात नव्हती. तिकडे न बघण्याची तो इतकी मेहनत घेत होता, की तायमीने तिकडेच पाहिलं.

साखळी वीतभर सैल पडली होती. चाकाचे चार फेरे झाल्यावर ती टायरवर दबून बसली होती आणि मघाचा ताण सगळा निघून गेला होता. आकडा शेवटच्या टोकावर लटकत होता. उतारावर तो सुटला असता, म्हणजे एक चाक दातांचं आणि एक बोडकं. मग ट्रॅक्टर कुठे टेकला असता ते बर्फाच्या ढिगाने ठरवलं नसतं. खाली चर होता.

तिने कप ओइवाच्या हातात दिला आणि वाकून डावी साखळी ओढून घेतली. उजवीही तपासली, तीही थोडी सैलच होती. उठली तेव्हा गुडघे ओले झाले होते.

"कॉफी मघाशीच झाली होती," ती म्हणाली.

"ही दुसरी."

"आत जा आता. पडशील."

ती बघत राहिली आणि तो पायरीवर पोचल्यावरच निघाली.

त्या संध्याकाळी सौनाच्या हंड्यातलं सगळं उकळतं पाणी चढावर गेलं. तायमी बादलीत वाळू आणि पाणी कालवायची आणि चाकांच्या रेषेत पसरायची. गरम वाळू बर्फात जरा रुतायची आणि तिथेच गोठून बसायची. हात फिरवला तर सँडपेपरसारखी लागायची. पेटारा तिने अर्धा भरलेलाच ठेवला, नाहीतर वर यायला चाकांवर ओझं कुठून आणणार?

रविवारी टँकर गिरणीच्या चढावर निम्म्यापर्यंत आला आणि न थांबता वर आला. तायमीचा जीव भांड्यात पडला, पण ती गोठ्यातलं शेण काढत राहिली. दूध भरून झाल्यावर इल्मोने कॉफी घेतली आणि गाईंची चौकशी केली. दुसरा पाव संपवून तो उठला, टोपी घातली.

"ऑफिसातून विचारलं, तर सांगेन रस्ता आहे म्हणून," दारातून म्हणाला आणि गेला.

शनिवारची अंघोळ त्यांनी रविवारी केली. गोणपाट असूनही बाकावर कड्यांचे तांबडे वळ उमटले होते, घासूनही पुरते न गेलेले. ओइवाने त्यांच्यावरून हात फिरवला आणि बरोबर तिथेच बसला. तायमीने निखाऱ्यांवरच्या दगडांवर पाणी टाकलं. वाफ वर चढली आणि खाली उतरून खांद्यांवर बसली.

"उद्यापासून बोललास तरी चालेल," ती म्हणाली. "ट्रॅक्टरबद्दल. पण एकदाच सांगायचं, आणि काच ठोकायची नाही."

ओइवाने मान हलवली. तिने आणखी एक डावभर पाणी टाकलं. वाफ ओसरली तरी तो काही बोलेना, म्हणून तिला वाटलं झालं, विषय संपला.

"डाव्या साखळीची एक कडी झिजलीय," तो म्हणाला. "नोव्हेंबरपासून सांगायचं होतं."