पहिली ओळ

कुजलेल्या ओंडक्याखाली मर्ल ह्यूस्टिसने कोपरापर्यंत हात घातला आणि डबा ओढून काढला. लष्कराच्या मोडीतला, बंदुकीच्या गोळ्या ठेवायचा हिरवा पत्र्याचा डबा. वरून झाडाची साल आणि नेच्याची पानं अशी रचली होती, की लपवणाऱ्याला आपण फार हुशारी केली असं वाटावं. मर्लला हसू आलं. डबा असायला हवा होता पूर्वेला तीनशे फुटांवर, आणि महाशय इथे आरामात पडले होते.

आधी तो जाहीर केलेल्या अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांवर बरोबर जाऊन उभा राहिला होता. तिथे नुसती काटेरी झुडपं. दुसरा कोणी दिवसभर तिथेच अंग ओरबाडून घेत बसला असता. पण मर्लने चाळीस वर्षं एका लाकूड कंपनीसाठी हे डोंगर मोजले होते, त्याच्या ध्यानात यायला पाच मिनिटं लागली. पोराने उपग्रहांवरून जागा सांगणारं हातातलं यंत्र जुन्या छापील नकाशांच्या मापावर ठेवलं होतं, एकोणीसशे सत्तावीस सालच्या. उपग्रह बोलतात नव्या मापाने, आणि ऑरेगनच्या या कोपऱ्यात दोन्ही मापांत तीनशे फुटांचं अंतर पडतं. मर्ल तेवढं अंतर पावलांनी मोजत पश्चिमेला आला आणि ओंडक्यापाशी थांबला.

पोरगं म्हणजे रॉडनी. मर्लचा एकुलता एक मुलगा, वय सदतीस, पोर्टलंडला नळांच्या दुकानात कामाला. त्याने लपवलेला हा पहिलाच डबा.

गेल्या मे महिन्यात सरकारने उपग्रहांच्या आकड्यांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली, आणि दोनच दिवसांत इथल्याच एका माणसाने रानात बादली लपवून तिचे आकडे इंटरनेटवरून जगाला कळवले. तेव्हापासून हे खूळ सुरू झालं होतं. डबा शोधायचा, आतली एखादी वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची, वहीत सही करायची. ऑक्टोबर उजाडेपर्यंत आसपासच्या डोंगरांत नऊ डबे झाले होते. त्यातल्या आठ वह्यांत पहिली सही मर्लची होती, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे.

रॉडनीनेही यंत्र घेतलं ते बापामुळेच. मर्लची बायको नॅडीन हिवाळ्यात गेली, आणि तिच्याबरोबर घरातलं बोलणंही गेलं. बापलेकांमध्ये दुवा तीच होती. उन्हाळाभर रॉडनी दर रविवारी फोन करी तो फक्त उपग्रहांविषयी, किती दिसतात, कुठल्या झाडीखाली हरवतात. मर्ल त्याच्या चुका काढी, आणि दोघांनाही बरं वाटे. तेवढाच एक धागा उरला होता, आणि मर्लला ते चांगलं ठाऊक होतं.

त्याने डबा उघडला. एक शिट्टी, प्लास्टिकचा डायनासोर, पत्त्यांचा जोड. पिशवीत वही, आणि वहीला लावलेली कोरी करकरीत, न तासलेली पेन्सिल.

"धन्य आहे," मर्ल स्वतःशीच म्हणाला. "आता काय नखाने लिहू?"

त्याने चाकू काढून पेन्सिल तासली. बोथट पेन्सिल त्याला आयुष्यात बघवली नव्हती. मग वही उघडली. पहिल्या पानावर रॉडनीच्या शाळकरी अक्षरात लिहिलं होतं: 'पहिली ओळ माझ्या वडिलांसाठी. त्यांच्याआधी कोणी पोचलं, तर कृपा करून दुसऱ्या ओळीपासून लिहा.'

मर्लने ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याला भरून आलं, खोटं कशाला बोला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा राग आला. राखून ठेवलेली ओळ! बसमध्ये म्हाताऱ्याला जागा देतात तशी. आठ वेळा स्वतःच्या पायांनी आणि डोक्याने तो पहिला आला होता, आणि नवव्यांदा हे काल शिकायला लागलेलं कार्टं त्याला पहिला नंबर दान करत होतं. तेही साधं यंत्र लावता येत नसताना.

त्याने सही केली नाही. वही पिशवीत, पिशवी डब्यात, डबा ओंडक्याखाली. साल आणि पानं होती तशी वर रचली. घरी येऊन त्याने या खेळाच्या संकेतस्थळावर रॉडनीच्या डब्याच्या नोंदीखाली लिहिलं: 'ता. ११ ऑक्टोबर. दीड तास शोधलं. इथे काही नाही. ज्याला यंत्र लावता येत नाही त्याने घरी बसून बिस्किटं भाजावीत, लोकांचं पेट्रोल जाळू नये.'

म्हाताऱ्या मर्लला सापडला नाही म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला सापडणार? पुढच्या दहा दिवसांत आणखी चौघे आकड्यांवर गेले, काट्यांत हात घालून परतले आणि एकाहून एक खवचट ओळी लिहून मोकळे झाले.

शनिवारी डबे शोधणारी मंडळी नेहमीप्रमाणे एस्टाकाडा गावातल्या खाणावळीत न्याहारीला जमली. रॉडनीही आला होता. व्हेल्डा क्रूसने त्याला समोरच बसवून घेतला. ती शाळेची बस चालवायची, आणि तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचण्याच्या सवयीचा होता.

"काय रे, डब्यात ठेवलं होतंस तरी काय? हवा?"

सगळे हसले. रॉडनीही हसला, पण उशिरा.

"डबा आहे तिथे," तो म्हणाला. "मी आकडे तीनदा तपासले."

"तीनदा चुकलास म्हण ना मग!" व्हेल्डाने काट्याने त्याच्या ताटातला सॉसेजचा तुकडा उचलला. "हा दंड. माझी नवी पँट फाटली तुझ्या त्या झुडपात."

"कदाचित कुणीतरी उचलून नेला असेल."

"कोण नेईल?" मर्ल कॉफीतून मान वर न काढता म्हणाला. "अस्वल? अस्वलाला तरी वाट कळते."

पुन्हा हशा पिकला. मर्लला थांबता आलं असतं. समोर पोराचे कान लाल झालेले त्याला दिसत होते. लहानपणीही तसेच व्हायचे, आणि मग नॅडीन काहीतरी निमित्त काढून त्याला आत बोलावून घ्यायची. आता आत बोलावणारं कोणी नव्हतं.

"माझ्या हाताखाली असता ना," मर्ल म्हणाला, "तर पहिल्याच दिवशी दुपारी घरी पाठवला असता. गाडीभाडं देऊन."

रॉडनी पॅनकेक कापायचा थांबला. सुरी ताटाच्या कडेला नीट ठेवली.

"बाबा, उद्या याल माझ्याबरोबर? जागा दाखवतो."

"नसलेल्या डब्याची?"

"या तर खरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रॉडनीच्या गाडीतून निघाले. पाऊस नुकता थांबला होता आणि पायवाट निसरडी झाली होती. रॉडनी पुढे चालत होता, आणि उतार आला की न बोलता हात मागे करत होता. मर्लने एकदाही तो धरला नाही.

ओंडक्यापाशी रॉडनी थांबला. त्याने यंत्र बापासमोर धरलं.

"बघा. एकही फूट इकडेतिकडे नाही."

"तुझ्या यंत्रात नाही. जुन्या नकाशाच्या मापावर ठेवलंयस ते. बाकी सगळ्यांचं नव्यावर आहे. तू दिलेले आकडे लावले की माणूस तिकडे तीनशे फुटांवर जाऊन पोचतो."

रॉडनी यंत्राकडे बघत राहिला.

"नकाशाच्या कोपऱ्यात काय लिहिलंय ते आधी वाच, आणि हातातलं यंत्र त्याच्याशी जुळव. त्याशिवाय रानात पाऊल टाकायचं नाही," तो सावकाश म्हणाला. "नऊ वर्षांचा होतो मी. तुम्ही पाठ करून घेतलं होतंत. हा नकाशासुद्धा तुमचाच आहे, बाबा. कोपऱ्यात सत्तावीस लिहिलंय."

मर्लने घसा साफ केला. बोलण्यासारखं बरंच होतं. पण तो म्हणाला,

"ते होकायंत्राचे दिवस होते. डोकं म्हणून काही असतं की नाही माणसाला?"

रॉडनीने गुडघे टेकून डबा बाहेर काढला, उघडला, पिशवीतून वही काढली. आणि वहीला लावलेल्या पेन्सिलीवर त्याचा हात थांबला.

पेन्सिल तासलेली होती. लांब, सुईसारखं टोक, आणि सहा बाजूंना सहा सपाट पैलू. टोकयंत्रात फिरवून असं टोक होत नाही. रॉडनीच्या शाळेच्या दप्तरात बारा वर्षं रोज सकाळी असल्याच पेन्सिली असायच्या, आणि वर्गात दुसऱ्या कुणाकडे नसायच्या. त्याने ती बोटांत फिरवून बघितली. मर्लही बघत होता.

मर्लला वाटलं, आता हा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याशी कसं वागायचं ते त्याला येत होतं.

रॉडनीने वही पहिल्या पानावर उघडली, पेन्सिल वर ठेवली आणि दोन्ही बापाच्या हातात दिलं.

"करा सही."

मर्लने सही केली.

"तारीख घाला," रॉडनी म्हणाला. "ज्या दिवशी सापडला, ती."

त्याने बापाच्या तोंडाकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. शाळेचं प्रगतिपुस्तक पुढे करून तो असाच उभा राहायचा. अकरा लिहायला काय लागतं, दोनदा एक. मर्लची पेन्सिल कागदावर टेकली. पण अकरा लिहिले, की व्हेल्डाला कळणार, सगळ्या खाणावळीला कळणार, की मर्ल ह्यूस्टिस खोटं बोलला, तेही स्वतःच्या पोराविरुद्ध.

त्याने लिहिलं, 'ता. २२ ऑक्टोबर'. त्याच्या सुबक, सरळ अक्षरात.

रॉडनीने ते वाचलं, मान हलवली आणि वही पिशवीत घातली. परतताना उतारावर त्याने हात मागे केला नाही. मर्ल दोनदा घसरला.

सोमवारी दुपारी मर्लने संगणक लावला. रॉडनीने आकडे दुरुस्त केले होते, आणि आपण यंत्र चुकीच्या मापावर ठेवलं याबद्दल सगळ्यांची माफी मागितली होती, व्हेल्डाच्या पँटसकट. त्याखाली एक ओळ होती: 'पहिली सही: श्री. मर्ल ह्यूस्टिस, ता. २२ ऑक्टोबर. त्यांना सापडत नव्हता, मी सोबत नेऊन जागा दाखवली.'

डब्याच्या मालकानेच जागा दाखवलेला शोध कुणी धरत नाही. ते व्हेल्डाला माहीत होतं आणि तिने लगेच लिहिलंही होतं: 'हात धरून का होईना, पोचलात, आजोबा. अभिनंदन!' तिच्याखाली आणखी तिघांनी आपापली भर घातली होती.

मर्ल लिहायला बसला. 'मी अकरा तारखेलाच' एवढं लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं आणि पुन्हा पुसलं. शेवटी त्याने फोन उचलला.

"ते काढून टाक," रॉडनीने फोन घेताच तो म्हणाला.

"काय काढू?"

"माहीत आहे तुला काय ते. जागा दाखवली म्हणे!"

"दाखवली नाही का?"

पलीकडे नातींचा दंगा चालला होता. रॉडनीने दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावल्याचा आवाज आला, आणि दंगा कमी झाला.

"तुम्ही तारीख घातलीत तीच मी लिहिली, बाबा. चुकली असेल तर सांगा. आत्ता सांगा, आत्ता दुरुस्त करतो. बाकी मला काही नको."

तो थांबला. त्याचा श्वास मर्लला ऐकू येत होता. बराच वेळ थांबला, घाई न करता, जणू दुकानात गिऱ्हाईक सुटे पैसे शोधतंय.

"तारीख बरोबर आहे," मर्ल म्हणाला.

"बरं."

"रविवारी फोन करशील ना?"

"आता काही विचारायचं राहिलं नाही," रॉडनी म्हणाला. "यंत्र बरोबर लागलंय." आणि त्याने हळूच, अगदी अदबीने, फोन ठेवला.