जबडीचा मावा

"माशा खाते म्हणे! सोताच्या आंगावरचा मावा निंघत नाही हिच्यानं, अन् माशा खाते म्हणे!"

पार्वतीबाई मागच्या गॅलरीत उकिडव्या बसून कुंडीशी बोलत होत्या. आत पोळ्या लाटणाऱ्या लतिकाला सगळं ऐकू येत होतं. सासूबाईंचं पुटपुटणं तसं शेजारच्या खिडकीपर्यंतही जात असे.

"आत्याबाई, तिच्या आंगाले हात नोका लावू."

"मी काहून लावू? पाहून राहिली नुसती."

कुंडी लतिकाच्या लेकीची, गार्गीची होती. झाड एवढंसं, तळहातात मावेल असं. प्रत्येक पानाच्या टोकाला काटेरी कडांचा लालसर जबडा. माशी बसली की मिटायचा. पुस्तकात त्याला व्हीनस फ्लायट्रॅप म्हणतात. घरात सगळे जबडी म्हणत. बॉटनीच्या पहिल्या वर्षाला असताना गार्गीने ती मागवली आणि घरभर फर्मान काढलं: हिला नळाचं पाणी नाही, माती नाही, खत तर नाहीच नाही. ती उपाशी जमिनीतली आहे, म्हणून तर माशा खाते. पाणी द्यायचं ते पावसाचं, नाहीतर एसीतून ठिबकतं ते. तेव्हापासून शेजारच्या भावनाताईंच्या एसीच्या नळीखाली लतिकाची बाटली कायमची लटकलेली. बाराही महिने एसी लावणारं घर शेजारी असावं, हे लतिकाने आयुष्यात पहिल्यांदाच भाग्य मानलं.

दिवाळीनंतर गार्गीच्या रक्ताचा आजार निघाला. नोव्हेंबरात पहिली भरती, डिसेंबरात दुसरी. संक्रांत झाली आणि तिसरी. आता तिच्या अंगात रोगाशी लढायला काही उरलं नव्हतं. त्यामुळे खोलीत फूल नाही, फळ नाही, कुंडी तर अजिबात नाही. आत जाणाऱ्याने हात धुवायचे, मास्क लावायचा, लांब बसायचं. म्हणून गार्गीने आईला कामाला लावलं: रोज सकाळी जबडीचा एक फोटो.

पहिल्याच आठवड्यात तिने फोटो मोठा करून पाहिला आणि लगेच फोन केला.

"आई, मधात गाभ्यात पाह्य. नवे पानं वाकडे येऊन राहिले न? तो मावा आहे."

लतिकाने चष्मा लावून पाहिलं. गाभ्यात हिरवे, पिनेच्या टोकाएवढे किडे दाटीवाटीने बसले होते. माशी गिळणारीला मावा पकडता येत नव्हता. जबडा मिटण्याइतकं त्यांचं वजनच नव्हतं.

"अख्खी कुंडी एसीच्या पाण्यात बुडवून ठेव, दोन दिवस," गार्गी म्हणाली. "मावा गुदमरते. झाडाले काही होत नाही."

बादली भरली. कुंडी बुडवली. वर बुडबुडे आले, आणि गार्गीच्या बाबांचा, आनंदरावांचा, जीव घाबराघुबरा झाला. आनंदराव हिंगण्याच्या कारखान्यात पाळी करत असले तरी माणूस नरखेडचा, संत्र्याच्या बागेत वाढलेला. त्यांच्या हिशेबी झाड असं बुडवून ठेवणं म्हणजे पाप होतं. लतिका डबा घेऊन दवाखान्यात गेली होती, तेवढ्यात अर्ध्याच तासात त्यांनी कुंडी बाहेर काढली. मग बागेत करतात तसं केलं: तंबाखूचं पाणी फवारलं. मावा कमी झाला. झाड मात्र मलूल झालं. मलूल दिसलं म्हणून त्यांनी भावाकडून आणलेलं संत्र्याचं खत चिमूटभर टाकलं. चिमूटभरच.

आठ दिवसांत जबडी काळी पडली. आधी जबडे, मग देठ, मग गाभा.

लतिकाने मुळाशी बोट घातलं तेव्हा पांढरे दाणे बोटाला लागले.

"हे काय टाकलं जी तुम्ही?"

आनंदराव बराच वेळ चपलेचा अंगठा नीट करत बसले. "कमजोर दिसे वं ती. म्हटलं, थोडीशी ताकत येईन."

"पोरीनं कितींदा सांगतलं होतं!"

"माह्यासमोर कोणी असं वाळून राहिलं, त मी काय नुसता पाहत राहू?"

 लतिकाने तरी काय केलं होतं? एसीची बाटली रिकामी होती ते दोन दिवस नळाचंच पाणी घातलं होतं. संध्याकाळी पार्वतीबाईंनीही कबुली दिली. त्यांनी एका जबड्यात बेसनाच्या पाटोडीचा तुकडा ठेवला होता. "उपाशी कशी ठेवाव बापा तिले? मिटलं बी तिनं तोंड. म्हटलं, खाल्लं."

दुसरी वेळ असती तर लतिका पोट धरून हसली असती. माळकरी बाई, जन्मात अंड्याला हात लावला नाही, आणि मांसाहारी झाडाला पाटोडी चारते! गार्गीला हे सांगायला हवं, असं तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच अडकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार्गीचा मेसेज आला: *फोटो?*

लतिकाने मोबाइलमध्ये मागे मागे जाऊन सप्टेंबरातला एक फोटो शोधला. गार्गीनेच काढून तिला पाठवलेला. कडा कापल्या आणि पाठवून दिला. उत्तर आलं: *मस्त.* मग रोजचंच झालं. रोज एक जुना फोटो, रोज थोडा कापलेला. काळी कुंडी तिने गॅलरीतच ठेवली. फेकली असती तर मग खरंच झालं असतं.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना बाहेर बोलावलं. नवं औषधही लागू पडलेलं नाही, म्हणाले. अजून एक देऊन पाहता येईल, पण त्रास फार होईल, आणि उपयोग... एवढं बोलून त्यांनी फाइल मिटली. "घरी विचार करा," म्हणाले.

दोघांनी खाली येऊन चहा घेतला. आनंदराव म्हणाले, यंदा कुलरची खस लवकर बदलावी लागते. लतिका म्हणाली, हो, ऊन आतापासूनच चटके देऊन राहिलं. चहावर साय धरली तरी दोघं खशीवरच बोलत होती. मग आनंदराव उठले आणि म्हणाले, "दुसरं औषध द्या म्हणून सांगून येतो." लतिकाने मान हलवली.

वर गेले तेव्हा गार्गी उशीला टेकून मोबाइल पाहत होती. डोक्याला रुमाल, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा. आनंदराव दारातूनच मोठ्या आवाजात बोलले, "काय म्हणते आमची पोट्टी? तुह्या जबडीले आज पुन्हा एक नवं पान फुटलं बरं!"

गार्गीने मोबाइल आईकडे वळवला. "आई, आजच्या फोटोत कोपऱ्यात काय आहे?"

लतिकाने पाहिलं. अगदी कडेला, कापायचं राहून गेलेलं, निळं नख.

"हा चिमटा लावाले त्यायनं माही नेलपॉलिश पुसली होती. नोव्हेंबरात. तवापासून लावलीच नाही मी."

 आनंदरावांनी मास्क वर ओढला. तो वरच होता.

"माहीच चूक झाली बेटा," ते म्हणाले. "मी खत टाकलं. थोडंसंच होतं... आपण दुसरी मागवू. दोन मागवू."

"बाबा."

"तू सांगशीन तशीच ठेवू. पाण्यात बुडवून ठेव म्हटलं त दोन दिवस हात नाही लावणार. अन् आता हे नवं औषध सुरू झालं, की तू सोताच..."

"बाबा, इकडं या. बसा."

ते बसले. लांब नाही, पलंगावरच. नर्सने पाहिलं असतं तर ओरडली असती. गार्गीने त्यांचा हात धरला आणि लतिकाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. फार थकवा होता.

"मले सगळं माहीत आहे. मीच इचारलं डॉक्टरले, त्यायनं सांगतलं. तुम्ही खाली गेले होते तवा." तिने दम घेतला. "जबडी मेली न, आई? मी बी मरून राहिली. आता मले खत नोका टाकू. घरी न्या."