मोरचुदाची बरणी आणि शोभनाबाईंचा थेंब

मी एक जुनी काचेची बरणी आहे. आणि आधीच सांगून ठेवते, लोणच्याची नाही.

तशी मी घडले लोणच्यासाठीच. अंबाल्याच्या भट्टीत मला फुंकताना कारागिराला नेमकी शिंक आली आणि माझ्या काचेत एक बुडबुडा कायमचा अडकला. त्या शिंकेचा जोर असा, की शेजारच्या बरण्या उडाल्या आणि थेट रेल्वेच्या मालडब्यात जाऊन बसल्या. हसू नका, मित्रांनो, मी तिथे होते. बुडबुड्यापायी लोणचेवाल्याने मला नाकारलं. मग प्रयोगशाळेच्या सामानाबरोबर मी चंडीगडला आले, एका मुलींच्या शाळेत, केमिस्ट्रीच्या कपाटात.

तिथे माझ्यात मोरचूद विरघळवलेलं पाणी भरलं. असा निळा रंग चढला मला, की चंडीगडच्या सुखना तळ्याने एकदा तो उसना मागितला होता. मी दिला नाही.

ढिल्लों मॅडम तिथे केमिस्ट्री शिकवायच्या. घनतेचा धडा मुलींनी घोकला की त्या म्हणायच्या, "रट लिया? अब इसको बाहर ले चलो." त्यांनी अकरावीच्या मुलींचं एक पथक केलं. शहरात रक्तदानाची शिबिरं भरायची, तिथे पथक मला घेऊन जायचं. काम सोपं होतं. हॉस्पिटलची नर्स माणसाच्या बोटाला टोचायची आणि मुलगी त्याच्या रक्ताचा एक थेंब माझ्यात सोडायची. मोरचूद मोजूनच घातलेलं असायचं. रक्त कसदार असलं तर थेंब पाण्यापेक्षा जड, तो बुडायचा. रक्त पातळ असलं तर थेंब वर तरंगायचा. बुडला तर आडवे व्हा, रक्त द्या. तरंगला तर घरी जा, पालक खा.

माझ्यात सरदारजींचा थेंब पडला, पंडितजींचा पडला, हवालदाराचा आणि रिक्षावाल्याचाही पडला. मी सगळे चाखलेत. सगळे खारट.

पण ते दिवस वाईट होते, पंजाबात दहशतवाद पेटलेला. आज इथे गोळीबार, उद्या तिथे बॉम्ब. चौकाचौकात वाळूची पोती रचलेली. ट्रान्झिस्टर, डबा, पिशवी, काहीही बेवारशी दिसलं की लोक पळत सुटायचे. हॉस्पिटलात रक्त कमी पडायचं. आमच्या पोरी घाबरत होत्या का? होत्या की! पण जात होत्या.

त्यांच्यात एक मंजिरी होती. तिचे बाबा विलासराव हवाई दलात वॉरंट ऑफिसर, मूळचे साताऱ्याचे. पोरगी हुशार, पण धांदरट. एका दुपारी मला पिशवीत घालून घराजवळच्या बसस्टॉपवर उतरली आणि मला बाकावरच विसरून घरी गेली.

झालं! कुणीतरी पिशवीत डोकावलं. बंद झाकण, आत निळं पाणी. बोंब उठली. बस रिकामी झाली, कुलचेवाला गाडी टाकून पळाला, पोलिसांनी दोऱ्या बांधल्या. तिकडे सेक्रेटरिएटमधल्या फायलीसुद्धा टेबलाखाली लपल्या म्हणे. अख्खा सेक्टर मी एकटीने रिकामा केला, मित्रांनो, आणि तेही जागची न हलता!

तेवढ्यात मंजिरी आईला घेऊन धावत आली. तिची आई शोभनाबाई, बारीकशी बाई, हाताला कणीक तशीच.

"बीबीजी, पीछे हटो!" इन्स्पेक्टर ओरडला.

"अहो, कसला बॉम्ब? बरनी है वो! मेरी लड़की की बरनी!" म्हणत शोभनाबाई दोरीखालून आत शिरल्या, मला उचललं आणि सगळ्यांसमोर झाकण उघडून दाखवलं.

घरी मला ओट्यावर ठेवलं, म्हणून पुढचं सगळं मी कानांनी ऐकलं.

"माझ्या साहेबांपर्यंत गेलीय बातमी," विलासराव म्हणाले. "ते पथकबिथक बंद. जूनमध्ये हिला साताऱ्याला आत्याकडे धाडतो. सायन्स सोड, कॉमर्स घे आणि जिवंत राहा."

"बाबा, मला पुढे रक्तपेढीचंच काम करायचंय," मंजिरी रडवेली होऊन म्हणाली.

"रोज पेपरात रक्तच वाचतोय, तेवढं पुरे!"

"अहो, लोक शिबिरात जातात, रक्त देतात, चहा-बिस्किट खाऊन परत येतात," शोभनाबाई म्हणाल्या. "त्यात काय एवढं?"

"मग तू देऊन ये ना! सुई दिसली की डोळे फिरतात तुझे." विलासराव हसले. "तू रक्त देऊन दाखव, पोरगी इथेच राहील आणि सायन्सच करेल. माझा शब्द."

"ऐकलंस गं मंजू? फौजी माणसाचा शब्द आहे."

पैजेचा निकाल लागेपर्यंत मंजिरीचं पथक चालू राहिलं. पुढच्याच शिबिरात शोभनाबाई हजर. शेजारी विलासराव हाताची घडी घालून उभे. नर्सने बोट टोचलं. मंजिरीने थेंब माझ्यात सोडला. थेंब जरा खाली गेला, घुटमळला आणि सावकाश वर आला.

मंजिरीचा चेहरा पांढरा पडला. तिची मैत्रीण जसलीन तिच्या कानाशी लागली. "यार, दो घूँट पानी डाल दे ना. दूसरी बूँद पक्का डूबेगी. किसको पता चलेगा?"

खरं सांगते, मी तयार होते. पाणी वाढलं असतं, मी पातळ झाले असते, थेंब बुडला असता, पोरगी सायन्सला राहिली असती. मी म्हातारी होते, पण शहाणी कुठे होते!

मंजिरी तिला म्हणाली, "आणि मग सगळ्यांचेच बुडतील. ज्याला द्यायला नको, त्याचंही रक्त काढतील." ती आईकडे वळली. "आई, थेंब तरंगला. तुझं रक्त नाही घेता येणार."

"कार्टे, आईला नापास करतेस?" शोभनाबाई म्हणाल्या. "तुझं सायन्स गेलं, कळतंय का?"

"कळतंय गं."

विलासरावांच्या हाताची घडी सुटली. नर्सने शोभनाबाईंना विचारलं, "आंटी, आप खाना कब खाती हो?"

"सबके बाद. जो बचता है."

तिथे रांगेत आणखीही बायका उभ्या होत्या. त्यांच्यातल्या कितीतरी जणींचे थेंब माझ्यात तरंगून गेले होते.

"चला घरी," विलासराव हळू आवाजात म्हणाले.

"चला. पण तुम्ही शब्द दिलात, तारीख नाही दिलीत," शोभनाबाईंनी पदर खोचला. "पोरगी जूनमध्ये जाणार ना? जूनच्या आत मी परत येणार."

आणि मग त्या घरात क्रांती झाली. शोभनाबाई सगळ्यांच्या आधी पानावर बसायला लागल्या. लोहाच्या गोळ्या, पालक, भिजवलेले चणे, गूळ. कुणी "आधी मला वाढ" म्हटलं की त्या शांतपणे म्हणायच्या, "डॉक्टरांनी सांगितलंय," आणि घास घ्यायच्या. विलासराव पोळ्या लाटायला शिकले. त्यांची पहिली पोळी मंजिरीने शाळेत येऊन सगळ्या मुलींना वर्णन करून सांगितली. धावपट्टीएवढी लांब होती म्हणे, तिच्यावर एक विमान उतरलंसुद्धा.

मे संपत आला. आमच्याच शाळेत शिबिर ठरलं आणि आदल्या दिवशी शहराजवळ एका बसमध्ये स्फोट झाला. सकाळी रस्ते ओस. खाटा मांडलेल्या, चहा उकळतोय, माणूस नाही. ढिल्लों मॅडम फाटकाशी उभ्या होत्या. मंजिरी मला दोन्ही हातांनी धरून बसली होती. हे शेवटचं शिबिर. यानंतर सातारा.

मग स्कूटरचा आवाज आला.

"आज राहू दे म्हणालो मी, ऐकते का?" विलासराव स्कूटर लावता लावता मॅडमना सांगत होते.

"आज नको तर कधी?" शोभनाबाई मागून उतरल्या. "कालची माणसं तिकडे हॉस्पिटलात पडलीत, त्यांना काय सांगू, वातावरण निवळलं की येते म्हणून?" त्यांनी बोट पुढे केलं. "टोचा!"

नर्सने टोचलं आणि मंजिरीने थेंब उचलून माझ्यावर धरला. थेंब पडला. मी श्वास रोखला. बरण्या श्वास रोखतात, पुस्तकात नसलं तरी.

थेंब सरळ खाली गेला. तळाला टेकला. राहिला.

"बुडला!" मंजिरी किंचाळली. जसलीन तर बाकावर चढून नाचली.

शोभनाबाई खाटेवर आडव्या झाल्या. सुई बघून डोळे फिरले त्यांचे, पण हात हलला नाही. विलासराव उशाशी उभे राहिले, मग स्वतःच बाही सरसावून शेजारच्या खाटेवर गेले. साताऱ्याचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. दुपारपर्यंत कॉलनीतल्या बायका एकेक करत आल्या. कुणाचे थेंब बुडाले, कुणाचे तरंगले. तरंगलेल्यांना शोभनाबाई खाटेवरून दरडावत होत्या, "घरी जाके पहले खुद खाओ! फिर आना!"

मंजिरी शिकून रक्तपेढीत डॉक्टर झाली. आता बोटभर यंत्र आलंय, ते आकडाच सांगतं. शाळेने मला भंगारात काढलं तेव्हा मंजिरी मला घेऊन आली. हल्ली तिच्या टेबलावर असते मी. तिचे शिकाऊ डॉक्टर माझ्यात पेनं खुपसतात. खुपसोत बापडे! पण परवा एकाने विचारलं, "मॅडम, लोणच्याची का?" त्याच्या पेनाची शाई मी रातोरात पिऊन टाकली.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, फोडू नका, एवढंच माझं मागणं नाही. आज रात्री पानं मांडताना बघा, तुमच्या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं. तिला आधी बसवा, आधी वाढा. आणि ती "मला नको, तुम्ही घ्या" म्हणाली, तर मुळीच ऐकू नका.