मॉरिसचं दुखणं

झाशीत दतिया गेटजवळ डॉक्टर कुसुमावतींचा दवाखाना होता. बाळंतपणासाठी आसपासच्या गावांतून बोलावणी येत आणि त्या आपल्या काळ्या मॉरिसमधून जात. बदलीवर निघालेल्या एका रेल्वे अधिकाऱ्याकडून घेतलेली ती गाडी सन सहासष्टपर्यंत चांगलीच थकली होती. क्लच सोडला की सगळी थरथरायची, गिअर घालताना खरखरायची. सीपरी बाजारच्या मिस्त्रींनी क्लचप्लेट दोनदा बदलली. आठवडाभर बरं चालायचं, मग पुन्हा तेच.

कुसुमावतींचे यजमान फिरतीच्या नोकरीवर असत, म्हणून रविवारी धाकटा दीर रमाकांत सोबतीला जायचा. तो कचेरीत कारकून होता. गाडी चालवता येत नव्हती, पण ढकलण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

त्या रविवारी मऊरानीपूरजवळच्या एका खेड्यात ते पोचले तेव्हा बाळंतीण रात्रभराच्या कळांनी अर्धमेली झाली होती. मूल पोटात आडवं होतं. कुसुमावतींनी हात लावून पाहिलं आणि तिच्या सासूला एवढंच सांगितलं, "झाँसी ले चलते हैं. अभी."

दोघींना मागच्या सीटवर घेऊन गाडी निघाली. बरुआसागरच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद होतं. गाडी थांबली. मालगाडी गेली, फाटक उघडलं, आणि गिअर पडेना. पेडल पार तळाला टेकलं तरी नुसती खरखर. मागून बाई कण्हत होती.

"वहिनी, गेली प्लेट परत," रमाकांत म्हणाला. "मी फाटकवाल्याला विचारतो, ट्रक-बिक कधी येतो ते."

"थांबा भाऊजी." कुसुमावतींनी इंजिन बंद केलं. "प्लेट नवी आहे. दोनदा बदलून दुखणं तसंच राहतं, म्हणजे दुखणं दुसरीकडे असणार. खांदा दुखतो म्हणून माणूस येतो आणि बिघाड पित्ताशयात निघतो. तुम्ही इथे बसा. मी सांगेन तेव्हा पेडल दाबायचं आणि सोडायचं, हळूहळू."

त्यांनी बॉनेट उघडलं, पदर कमरेला खोचला आणि वाकून पाहू लागल्या. रमाकांतने पेडल दाबलं.

"सोडा. दाबा. पुन्हा."

रमाकांतने मान बाहेर काढून पाहिलं, तर त्यांचा तळवा इंजिनवर होता. नाडी बघावी तसा.

"इंजिन हलतंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही पेडल दाबलं की अख्खं इंजिन पुढे सरकतं. तुमच्या पायाचा सगळा जोर त्याला ढकलण्यात जातो, क्लचपर्यंत पोचतच नाही. ज्या रबरावर ते बसवलंय ते तुटलं असणार."

रमाकांत उतरून गाडीखाली शिरला. खरंच, रबराच्या गादीची दोन शकलं झाली होती. मधे बोट जाईल एवढी फट होती.

"पण वहिनी, रबर इथे कुठून आणायचं?"

"रबर नकोच आपल्याला. इंजिन जागच्या जागी राहिलं की झालं."

फाटकाशी एक बैलगाडीवाला खोळंबला होता. कुसुमावतींनी त्याच्याकडे दोरी मागितली. त्याने मागच्या सीटकडे एकदा पाहिलं आणि बैल सोडून तागाची जाड दोरी काढून दिली. "लै लो डाक्टरनी, हमाए बैल कऊँ नईं भगत." त्याचे बैल कुठे पळून जाणारे नव्हते.

रमाकांत पुन्हा गाडीखाली गेला. वरून वहिनी सांगत होत्या, तशी त्याने दोरी इंजिनाला वेढून गाडीच्या मागच्या आडव्या लोखंडी पट्टीला गुंडाळली. गाठ मारूनही ती सैल वाटत होती. तेवढ्यात वरून बाभळीची एक काठी आली.

"ही दोरीत घालून पिळा. रक्त थांबवायला पट्टी आवळतो ना, तशी. आवळली की काठी अडकवून टाका."

त्याने पिळलं. हात पोळले, तोंडात धूळ गेली, पण इंजिन मागे येऊन घट्ट बसलं. कुसुमावतींनी आत बसून पेडल दाबलं आणि गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला.

"चला!"

पुढचा रस्ता रमाकांत आयुष्यभर सांगत राहिला. दोरीवर ताण नको म्हणून त्या क्लचला जवळजवळ पाय लावतच नव्हत्या. इंजिनाचा आवाज ऐकायच्या, अॅक्सिलरेटरवरून पाय काढायच्या आणि नेमक्या क्षणी गिअर बदलायच्या, खरखर न होता. मधेच मागे न बघता बाईशी बोलायच्या, "लंबी साँस लो बेटी. बस, आ गए." शहरात शिरल्यावर रमाकांत खिडकीतून अर्धा बाहेर येऊन टांगेवाल्यांना ओरडत होता, "हटो भैया, हटो!" गाडी एकदाही न थांबता इस्पितळाच्या दारात गेली.

हात धुऊन कुसुमावती थेट शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरल्या. रमाकांत आणि म्हातारी बाहेर बसले. दुपार कलली तेव्हा आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी झाली होती, आणि आईही वाचली होती. म्हातारी रमाकांतचेच पाय धरू लागली. तो दचकून उठला. "मी नाही, मी नाही! वो, अंदर वाली!"

दुसऱ्या दिवशी त्याने मिस्त्रींना बोलावून गाडीखालची दोरी दाखवली. मिस्त्री बराच वेळ उताणे पडून पाहत राहिले. बाहेर आले ते हसतच. "बाबूजी, हम बीमार की दवा बदलते रहे, नब्ज़ किसी ने नहीं देखी. किसने पकड़ा ये?"

"हमारी भाभी ने," रमाकांत म्हणाला, आणि हे सांगताना आपली छाती फुगली आहे हे त्याचं त्यालाच कळलं.

रबर बदललं, मॉरिस पुढे पुष्कळ वर्षं धावली. मिस्त्री येऊन गेले त्या संध्याकाळी वहिनींकडे चहा घेताना रमाकांत जरा अडखळतच म्हणाला, "वहिनी, मला गाडी शिकवाल?"

कुसुमावतींनी कप खाली ठेवला. "उद्या सकाळी या. चपला नकोत, अनवाणी. पेडल आधी पायाला कळलं पाहिजे."